मोकळी जागा म्हणजे नेमकी कोणती?

४ डिसेंबर २०२४, बुधवार. सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हलली. फळीवरची भांडी वाजली, टांगलेले पंखे झुलले, झोपलेल्यांना कोणीतरी खाट हलवल्यासारखे वाटले. काही सेकंदांत सगळे शांत झाले. भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, सिरोंच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर होते. त्याची महत्ता ५.३ होती. सुदैवाने मोठी हानी झाली नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी या भागातील शिक्षकांच्या एका शिबिरात भूकंपावर बोलण्याचा प्रसंग आला. मी विचारले, "हाच धक्का किल्लारीएवढा असता आणि शाळा भरलेली असती, तर तुम्ही मुलांना कुठे नेले असते?" सगळ्यांचे उत्तर एकच आले, "मोकळ्या जागेत." भिंतीवरच्या तक्त्यांवरही तेच लिहिलेले असते. मग मी विचारले, "कोणत्या मोकळ्या जागेत? आणि कोणत्या वाटेने?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक बाई म्हणाल्या, "सर, आमच्या मैदानाला फाटक आहे, पण ढोरं शिरतात म्हणून कुलूप लावून ठेवतो. किल्ली शिपाईकाकांजवळ असते. अन् काका दुपारी कागदपत्रं घेऊन तालुक्याला जातात."

सगळे हसले. पण बाईंनी नेमके बोट ठेवले होते. भूकंपानंतर जीव वाचवणारी वाट भूकंपाआधी ठरवून ठेवावी लागते, हे माणसाला फार मोठी किंमत मोजून कळले आहे. तो इतिहास आधी थोडक्यात पाहू. मग आपल्या या दोन जिल्ह्यांचा नकाशा समोर घेऊ.

आपल्याकडे भूकंप कसा?

"विदर्भात कसला आला भूकंप?" असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या भूरचनेवरचा आपला ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते असे. दोन बाजूंना अतिप्राचीन, कठीण खडकांचे प्रचंड ठोकळे आहेत. एक बस्तरच्या बाजूचा, दुसरा दख्खनच्या बाजूचा. या दोहोंमधली वायव्य-आग्नेय दिशेची लांबट पट्टी कोट्यवधी वर्षांपूर्वी खाली खचली. अशा पट्टीला खचदरी म्हणतात. या खचलेल्या भागात नद्यांनी गाळ आणून टाकला, वनस्पती गाडल्या गेल्या, त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा याच इतिहासाचा भाग आहे. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे सापडलेले जीवाश्मही याच गाळाच्या थरांतले आहेत.

खचदरीच्या दोन्ही कडांना प्रस्तरभंग असतात, म्हणजे खडक जिथे तुटून सरकले त्या जुन्या जखमा. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयाच्या पायथ्याशी अडतो आहे. त्याचा ताण साऱ्या द्वीपकल्पात पसरतो आणि एखाद्या जुन्या जखमेपाशी मोकळा होतो. १३ एप्रिल १९६९ रोजी गोदावरीच्या याच खोऱ्यात भद्राचलमजवळ ५.७ महत्तेचा भूकंप झाला होता. मुलुगूचा धक्का त्याच पट्ट्यातला. तेव्हा २०२४ साली घडले ते अघटित नव्हते.

येथे महत्तेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. महत्ता हे भूकंपात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचे माप आहे. ती १ ने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पटीने वाढते. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता ६.२ होती, म्हणजे त्यात मुलुगूच्या वीसपटीहून अधिक ऊर्जा होती. शिवाय मुलुगूचा भूकंप सुमारे ४० किलोमीटर खोलीवर झाल्याची नोंद आहे, तर किल्लारीचा फार उथळ होता. उथळ भूकंपाचा हिसका वरच्या घरांना जास्त बसतो.

आपल्याकडे मोठा भूकंप होण्याची शक्यता हिमालयाच्या मानाने खूपच कमी आहे, हेही खरे. पण "कमी" या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राने दोनदा अनुभवला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत कोयनेचा परिसर जवळजवळ निर्धोक समजला जात असे. १९७० साली नकाशा सुधारला तेव्हा तो चौथ्या, म्हणजे बऱ्याच धोक्याच्या विभागात गेला. आणि १९९३ साली किल्लारी ज्या विभागात होते तो त्या वेळच्या नकाशावरचा सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभाग होता. तो विभाग २००२ च्या नकाशातून काढूनच टाकण्यात आला. नकाशावरचा फिका रंग म्हणजे अभयपत्र नव्हे.

गल्लीच बुजली तेव्हा

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत कोसळली. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत हा आकडा याहूनही मोठा आहे.

एवढी माणसे का गेली, याचे मुख्य कारण घरांच्या बांधणीत होते. भिंती दगडांच्या, दगड मातीत बसवलेले, जाडी दोन-तीन फूट किंवा त्याहून जास्त. वर लाकडी खणांवर मातीचा जाड थर असलेले माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहते, पण हलले की दगड सुटे होतात आणि वरची माती खाली येते. हे बहुतेकांनी वाचलेले असते. त्यामानाने दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष कमी जाते. गावे दाट होती, गल्ल्या अरुंद होत्या. दोन्ही बाजूंच्या जाड भिंती पडल्या तेव्हा त्यांचा दगड गल्लीतच पडला. जो घराबाहेर आला त्यालाही पुढे जायला रस्ता उरला नाही. बाहेरून मदतीला आलेल्यांना आत शिरायला वाट नव्हती. त्यात पाऊस सुरू झाला आणि मातीचा चिखल झाला. घर माणसावर पडले, तसेच ते वाटेवरही पडले.

एक साधा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. गल्ली आठ फूट रुंद आहे, दोन्ही बाजूंना दहा फूट उंचीच्या भिंती आहेत. भिंत मुळापासून बाहेर कलंडली तर ती किती अंतरापर्यंत पडेल? आपल्या उंचीइतक्या. म्हणजे आठ फुटांच्या गल्लीत उभे राहण्याइतकीही जागा उरत नाही. गल्ली सुरक्षित हवी असेल तर तिची रुंदी दोन्ही भिंतींच्या उंचीच्या बेरजेहून जास्त हवी, हा धडा मुले स्वतःच काढतील.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावांत रस्ते रुंद ठेवले, घरे दूरदूर ठेवली. गाव फार पसरले, शेजार तुटला, शेत लांब पडले, अशा तक्रारीही झाल्या आणि त्यांत तथ्य होते. पण रस्ता हीसुद्धा घराइतकीच महत्त्वाची बांधणी आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्यांदा सरकारी आराखड्यात आली ती तेव्हा. जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करण्याचे कामही त्यानंतरच सुरू झाले.

आठ वर्षांनी हाच धडा गुजरातेत पुन्हा गिरवावा लागला, तोही शाळेच्या मुलांना. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छचा भूकंप झाला तेव्हा अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी जुन्या वस्तीतल्या अरुंद रस्त्यातून चालली होती. मुले उघड्यावरच होती. डोक्यावर छप्पर नव्हते. तरीही दोन्ही बाजूंच्या इमारती अंगावर येऊन दीडशेहून अधिक मुले आणि त्यांचे शिक्षक मृत्यू पावले. छप्पर नाही म्हणजे मोकळी जागा, ही आपली व्याख्या किती अपुरी आहे हे अंजारने दाखवले. पुढे भूजच्या तटबंदीतल्या जुन्या शहराची पुनर्रचना करताना मालकांकडून थोडी थोडी जमीन घेऊन रस्ते रुंद करण्यात आले.

मैदानात पोचल्यावर काय?

समजा वाट मोकळी मिळाली आणि आपण मैदानात पोचलो. मग सुटलो का? इतिहासात याचे उत्तर नेहमीच "हो" असे मिळत नाही.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालच्या लिस्बन शहरात भूकंप झाला. पडणाऱ्या घरांपासून दूर जावे म्हणून असंख्य लोक नदीकाठच्या प्रशस्त धक्क्यावर जमले. शहरातली ती सर्वांत मोकळी जागा होती. थोड्याच वेळात समुद्राची त्सुनामी नदीत शिरली आणि धक्क्यावरच्या लोकांना घेऊन गेली. पुढे लिस्बनचा मधला भाग सरळ, रुंद रस्ते आखून नव्याने बांधण्यात आला. आणखी एक गोष्ट तेथे झाली. धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, पाणी कसे चढले, अशी प्रश्नावली देशभरच्या धर्मगुरूंकडे पाठवून माहिती गोळा करण्यात आली. भूकंपाचा शास्त्रीय अभ्यास ज्या प्रयत्नांतून सुरू झाला त्यांत या प्रश्नावलीचे स्थान मोठे आहे.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी १२ ला दोन मिनिटे कमी असताना टोकियो-योकोहामा परिसर हादरला. घरोघरी जेवणाच्या चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरांना आगी लागल्या. होंजो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याची रिकामी जागा होती. सुमारे चाळीस हजार लोक तेथे गेले. जाताना त्यांनी हातगाड्यांवरून गाद्या, कपडे, कपाटे नेली. संसार कोण सोडून जाणार? दुपारी चारच्या सुमारास आगीची वावटळ त्या मैदानावरून फिरली आणि तो संसारच इंधन झाला. त्या एका मैदानात सुमारे ३८,००० माणसे जळून मेली.

जपानने यातून जे शिकले त्यात शिक्षकांना रस वाटावा. टोकियोच्या पुनर्रचनेत रुंद रस्ते आणि तीन मोठी उद्याने झालीच. पण त्याशिवाय ५२ लहान उद्याने प्राथमिक शाळांना लागून तयार करण्यात आली. शाळांच्या इमारती पक्क्या, आग न लागणाऱ्या बांधल्या. एरवी मुलांनी तिथे खेळायचे आणि संकटात वस्तीने तिथे जमायचे, अशी ही योजना होती. वस्तीतल्या प्रत्येक माणसाला माहीत असलेली जागा कोणती? शाळा. म्हणून ती निवडली.

नाव नसलेली जागा

एवढी तयारी असलेल्या जपानमध्येही ११ मार्च २०११ रोजी एक शाळा हरली. इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. दुपारी पावणेतीनला भूकंप झाला. इमारत टिकली, मुले शिस्तीत पटांगणात आली. येथपर्यंत सगळे बरोबर झाले. पुढे कुठे जायचे, हे मात्र ठरलेले नव्हते. शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत त्सुनामी आल्यास जवळची मोकळी जागा किंवा बाग, एवढेच मोघम लिहिले होते. शाळेच्या मागे टेकडी होती. मुले अभ्यासाचा भाग म्हणून तिथे अळिंबी वाढवायला जात असत. पण तेथे न्यावे की पुलाजवळच्या थोड्या उंच जागेकडे जावे, यावर चर्चा होत राहिली. जवळजवळ पन्नास मिनिटे पटांगणात गेली. शेवटी मुले पुलाकडे निघाली आणि समोरून पाणी आले. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली दोष ठेवला तो मुख्यतः त्या दिवशीच्या गोंधळावर नव्हे, तर आधीच्या तयारीतल्या उणिवेवर. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

त्याच दिवशी कामाइशी शहरातील उनोसुमाई भागात वेगळे घडले. तेथील माध्यमिक शाळेतली मुले धक्का थांबताच पळत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलेही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागची दरड कोसळताना दिसली, तेव्हा ती आणखी वर गेली. तीही जागा पुरणार नाही असे दिसताच त्याहून वर. तेथे काही वर्षे मुलांना शिकवले होते की नकाशावर विसंबू नका, दिसेल त्या परिस्थितीत जास्तीत जास्त चांगले करा आणि दुसऱ्यांची वाट न पाहता पहिले निघा. त्या दिवशी शाळेत असलेली तेथील मुले वाचली.

ओकावाच्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण आपल्या शाळेच्या भिंतीवरचा तक्ता काय सांगतो? "मोकळ्या जागेत जावे." ओकावाच्या पुस्तिकेत तेच होते. जागेला नाव नव्हते.

चार दरवाजे, पाच खिडक्या

आता चंद्रपूर शहर घेऊ. गोंड राजांनी बांधलेला सुमारे ११ किलोमीटर लांबीचा परकोट हे या शहराचे वैभव आहे. त्याला चार दरवाजे आहेत. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान वाटा आहेत. त्या बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण या नावांनी ओळखल्या जातात. तट बांधला तो शत्रूला आत येऊ न देण्यासाठी. भूकंपानंतर प्रश्न उलटा होतो: आतल्या माणसांनी बाहेर कसे पडायचे? जुन्या शहराची वाहतूक आजही मोठ्या प्रमाणात या दरवाजांतूनच होते. एरवीच्या सायंकाळी जटपुरा दरवाजाशी किती खोळंबा होतो हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. भूकंपानंतर प्रत्येक जण दुचाकी किंवा मोटार काढून निघाला तर काय होईल, याची कल्पना करता येते. येथे खिडक्यांचे महत्त्व कळते. मोटार जाणार नाही, पण माणूस जाईल. म्हणून पहिला नियम, बाहेर पडायचे ते पायी.

दुसरा प्रश्न दरवाजाबाहेर काय आहे हा. शहराच्या कडेने इरई आणि झरपट या नद्या वाहतात. इरईचा पूर बिनबा आणि पठाणपुरा बाजूच्या सखल वस्त्यांत शिरतो. २०१३ आणि २०२२ च्या पावसाळ्यांत लोकांनी ते पाहिले आहे. शिवाय वीज केंद्रासाठी बांधलेले इरई धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे डिसेंबरात जी वाट योग्य ती ऑगस्टात योग्य असेलच असे नाही. सुटकेचा आराखडा एक नव्हे, दोन हवेत. एक उन्हाळी, एक पावसाळी.

तिसरा प्रश्न या जिल्ह्यापुरता खास आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस येथील आमराई वॉर्डात एक घर अचानक जमिनीत गडप झाले. आधी हादरा जाणवला म्हणून घरातली माणसे बाहेर आली होती, ती वाचली. आसपासच्या अनेक कुटुंबांना तातडीने हलवावे लागले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. अशा भागात "मोकळे मैदान" निवडताना, खाली काय आहे हेही विचारायला हवे. खाण कंपन्यांकडे जुन्या खाणकामाचे नकाशे असतात. ज्या वस्तीखाली खाणकाम झाले आहे तेथील शाळांनी आपल्या मैदानाबद्दल लेखी विचारणा करावी.

जंगलातली गावे

गडचिरोलीत चित्र पुष्कळ वेगळे आहे. येथे जुनी घरे लाकडी खांबांची, कुडाच्या भिंतींची, वर कवेलू किंवा गवताचे छप्पर असलेली. बांबूचा कूड हलतो, वाकतो, पण दगडी भिंतीसारखा अंगावर कोसळत नाही. घरे सुटी, अंगणे मोठी. अनेक माडिया गावांत गोटुलासमोर सगळ्यांना माहीत असलेली मोकळी जागा असते. म्हणजे किल्लारीच्या गल्लीचा धोका येथे कमी आहे. अर्थात आता विटा-सिमेंटची घरे होत आहेत. ती पक्की वाटतात. पण कोपऱ्यांत आणि लिंटेलच्या पातळीवर लोखंडी सळ्या घातलेले पट्टे नसतील तर कुडाच्या घरापेक्षा ती जास्त धोक्याची.

गडचिरोलीचा खरा प्रश्न घरातून अंगणात येण्याचा नाही, तर गावातून दवाखान्यापर्यंत जाण्याचा आहे. भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. हेमलकशाचा दवाखाना पर्लकोटेच्या अलीकडे, भामरागड पलीकडे. जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटत आला. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या महापुरात सिरोंचा तालुक्यातली अनेक गावे हलवावी लागली. भूकंपात नेमके पुलांचेच नुकसान होते. पूल पडला नाही तरी त्याच्या दोन्ही टोकांचा मातीचा भराव खचतो आणि गाडी चढू शकत नाही. म्हणजे भूकंप येथे भर उन्हाळ्यात पावसाळ्यासारखी स्थिती आणू शकतो.

आणि येथेच या जिल्ह्याजवळ एक मोठी पुंजी आहे. पूल बंद झाला की कोणत्या पायवाटेने जायचे, नाला कुठे उतारू आहे, डोंगा कोणाकडे आहे, आजाऱ्याला खाटेवर कोणत्या वाटेने न्यायचे, हे प्रत्येक गावाला पाठ असते. दरवर्षीचा पावसाळा ही त्यांची रंगीत तालीम आहे. वनरक्षकांना जाळरेषा आणि बैलगाडीच्या वाटा माहीत असतात. हे ज्ञान तोंडी आहे. ते कागदावर आले नाही तर बाहेरून येणाऱ्या मदत पथकाला त्याचा उपयोग होणार नाही. मात्र आणखी एक भान ठेवावे लागेल. रात्रीच्या धक्क्यानंतर लोक घराबाहेर झोपणार आणि या दोन जिल्ह्यांत वाघ, बिबटे आहेत. २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही आले आहेत. जंगलाच्या कडेचे शेत मोकळे असले तरी रात्रीच्या मुक्कामाला योग्य नाही. जागा गावाच्या मध्यावर, सोबतीने आणि उजेडासह निवडावी.

शाळेचा नकाशा

आता करायचे काय? यासाठी पैसे लागत नाहीत. आठवी-नववीच्या मुलांना आठवडाभराचा उपक्रम पुरेल.

पहिल्या दिवशी वर्गापासून सुरुवात करावी. हादरे सुरू असताना पळायचे नाही. बाकाखाली वाकायचे, डोके झाकायचे, बाकाचा पाय धरून ठेवायचा. जिना आणि दार येथेच चेंगराचेंगरी होते. हादरे थांबल्यावर बाहेर निघायचे. साधारण एक मीटर रुंदीच्या दारातून सेकंदाला एकच जण, फार तर थोडे जास्त, सुरळीत बाहेर पडतो. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे चाळीस सेकंद. एका जिन्यावर सहा वर्ग असतील तर चार मिनिटे. घड्याळ लावून मोजा आणि हिशेबाशी ताडून पाहा. दार आत उघडते की बाहेर, तेही पाहा. दप्तर घ्यायचे नाही. ते का, हे सांगताना होंजोची गोष्ट सांगा.

दुसऱ्या दिवशी दारापासून मैदानापर्यंतची वाट चालावी. वाटेत काय काय पडू शकते त्याची यादी करावी: कुंपणाची उंच भिंत, पाण्याची टाकी, विजेची तार, सैल कवेलू. प्रत्येक वस्तूच्या उंचीएवढे अंतर तिच्यापासून सोडून नवी रेघ आखावी.

मग गावाकडे वळावे. लिस्बनच्या प्रश्नावलीसारखी आपली प्रश्नावली करावी आणि आजी-आजोबांना, वनरक्षकांना, आशाताईंना, डोंगा चालवणाऱ्यांना विचारावी. पूल नसेल तर वाट कोणती? ती पावसाळ्यात चालते का? अंधारात चालते का? चालता न येणारे कोण कोण आहेत आणि त्यांना कोण उचलेल? उत्तरे गावाच्या हातनकाशावर लिहावीत. एक प्रत शाळेत लावावी, एक ग्रामपंचायतीत, एक तहसील कचेरीत द्यावी. नकाशावर प्रत्येक जागेला नाव हवे आणि प्रत्येक जागेनंतरच्या दुसऱ्या जागेलाही. "मोकळी जागा" हे शब्द नकाशावर कुठेही असता कामा नयेत.

शिबिरातल्या त्या बाईंचा पुढे निरोप आला. त्यांनी फाटकाचे कुलूप काढून तेथे साधी कडी बसवून घेतली आहे. ढोरांना ती काढता येत नाही, पहिलीच्या मुलांना येते. पहिल्या सरावात शाळा मैदानात यायला सहा मिनिटे लागली, तिसऱ्यात साडेतीन. मैदानाच्या एका कडेला जुनी पाण्याची टाकी आहे, तिच्यापासून किती लांब उभे राहायचे याचे माप मुलांनी चुन्याने आखले आहे. टाकी पाडण्याचा अर्ज मात्र अजून वर गेलेला आहे, तो खाली आलेला नाही.